पोटातले कावळे आणि एका मार्काचं उत्तर

गेल्या पावसाळ्यात लेकीला 'श्यामची आई' वाचून दाखवत होते. ती तिसरीत आहे. रोज रात्री झोपताना एक प्रकरण, असा आमचा बेत होता. एका रात्री 'अळणी भाजी' आली. गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडिलांच्या ते लक्षात येतं, पण ते काही बोलत नाहीत. उलट भाजीची तारीफ करतात. वडील बोलले नाहीत म्हणून मुलंही मुकाट्यानं जेवून उठतात. सगळ्यांचं झाल्यावर आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला भाजी अळणी असल्याचं कळतं आणि तिचा जीव हळहळतो. साने गुरुजी मग विचारतात, की जिभेवर ताबा ठेवणारे वडील थोर की आपल्या हातून चूक झाली म्हणून तळमळणारी आई थोर. आणि दोघांनाही थोर ठरवतात.

लेकीनं विचारलं, "पण मुलांना अळणी लागलं होतं ना? मग त्यांनी मीठ का नाही मागितलं?"

"आईला वाईट वाटेल म्हणून."

"पण तिला वाईट वाटलंच की."

ती कूस बदलून झोपली. मी मात्र पुस्तक हातात धरून बसून राहिले. लहानपणापासून हे प्रकरण मी किती वेळा वाचलं असेल, पण ताटावर बसलेल्या मुलांच्या जिभेचं काय झालं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पुस्तकालाही तो पडलेला नाही. तिथे थोरवीची तुलना दोन मोठ्या माणसांत होते.

हा प्रश्न पुस्तकापुरता ठेवणं मला शक्य नव्हतं, कारण त्याच आठवड्यात लेकीला लघवीच्या जंतुसंसर्गासाठी डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी तिला सरळ विचारलं, "शाळेत शूला जातेस का गं?" ती माझ्याकडे बघायला लागली. सकाळी साडेसातपासून दुपारी दोनपर्यंत ती जात नव्हती. किती महिने, ते तिलाही सांगता येईना.

म्हणून मग आपल्या घरांत मुलांसाठी असलेली काही पुस्तकं मी या एकाच प्रश्नाच्या उजेडात पुन्हा वाचली: भूक, झोप, शू, भीती, दुखणं, नकोसं वाटणं असं मुलाचं शरीर त्याला जे सांगत असतं, त्याचं या पुस्तकांत काय होतं? ते कोण ऐकतं आणि ऐकून काय करतं?

श्यामचं शरीर

'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं आणि १९३५मध्ये प्रसिद्ध झालं. बेचाळीस रात्रींच्या या पुस्तकावर भाबडेपणाचा, रडकेपणाचा आरोप अनेकदा झाला आहे. मला तो फारसा पटत नाही. साने गुरुजींना मुलाच्या शरीराची चांगली जाण आहे. श्यामचे ओले तळवे, त्याची भीती, त्याची लाज हे सगळं पुस्तकात हजर आहे. प्रश्न त्या शरीराकडून काय करवून घेतलं जातं, हा आहे.

न्हाऊन झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामला आई आपल्या ओच्यावर पाय ठेवू देते, आणि पायांना जपतोस तसं मनालाही जप, असं शिकवते. हा प्रसंग मराठी माणसाच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यातला क्रम आपल्या लक्षात येत नाही. आई आधी त्या ओल्या तळव्यांचं ऐकते. हट्ट पुरवते, स्वतःचं लुगडं पुढे करते, आणि मग मनाचं सांगते. शिकवण तळव्यांवरून मनाकडे जाते, आणि ती पटते ती तळव्यांचं ऐकलं गेलेलं असतं म्हणून.

पोहण्याच्या प्रसंगात हा क्रम उलटतो. श्यामला विहिरीची भीती वाटते, तो लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि पोहायला धाडते. पुढे ती त्याला जवळ घेते, लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हटलेलं सहन होणार नाही, हे सांगते. श्याम पोहायला शिकतो. विहिरी-नद्यांच्या कोकणात पोहता येणं हा जीव वाचवणारा गुण होता, तेव्हा आईचा आग्रह चुकीचा म्हणता येणार नाही. भीती वाटली की मागे फिरायचं, असा नियम केला तर कुठलंच मूल पाण्यात उतरणार नाही. शरीर सांगतं ते ऐकायचं असतं, पण प्रत्येक वेळी त्याच्या म्हणण्याप्रमाणे वागायचं नसतं. मात्र इथे श्यामची भीती ऐकण्याचं काम छडीनंतर होतं. त्याला कशाची भीती वाटते, पाण्याच्या खोलीची, गार पाण्याची, की वर उभं राहून बघणाऱ्या पोरांची, हे आधी कुणी विचारत नाही. विचारूनही त्याला पाण्यात उतरवता आलं असतं.

आणि मग 'अळणी भाजी'. इथे मार नाही, आरडाओरडा नाही, सगळं प्रेमानं चाललं आहे. म्हणूनच मला हे प्रकरण जास्त विचार करण्यासारखं वाटतं. मुलांच्या जिभेला अळणी लागतं. मग ती वडिलांच्या चेहऱ्याकडे बघतात. वडिलांच्या चेहऱ्यावर काही नाही, म्हणजे आपल्या जिभेवरही काही नाही. आपल्याला काय वाटतंय ते घरातल्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावरून ठरवायचं, ही शिकवण त्या पंगतीत कुणी न बोलता दिली जाते. वडिलांचा संयम हा संयम आहे, कारण अळणी लागल्याचं त्यांना पक्कं माहीत आहे आणि न बोलणं त्यांनी निवडलं आहे. मुलांनी काही निवडलेलं नाही. त्यांचं गप्प बसणं म्हणजे मोठ्यांच्या संयमाची नक्कल, आणि नक्कल करताना आधी स्वतःला काय कळलं होतं ते विसरून जाण्याची सवय लागते.

संयम शिकवू नये, असं मला म्हणायचं नाही. रांधणाऱ्या हातांची कदर हा त्या प्रकरणाचा गाभा आहे आणि तो आजही खरा आहे. पण त्याच ताटावरून एखाद्या मुलानं 'आई, मीठ राहिलंय' असं म्हटलं असतं, तर आईचा अपमान झाला नसता; तिला भाजी सुधारायला वेळ मिळाला असता. तिची हळहळ नेमकी तीच आहे, की मला कुणी सांगितलं कसं नाही. म्हणजे लेकीच्या प्रश्नाचं उत्तर त्या प्रकरणात होतं, आईच्या तोंडी.

शब्द आहेत, पण वहीत

शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदनांना शास्त्रात वेगळं नाव आहे. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं १९०६मध्ये या संवेदनांचा वेगळा वर्ग मांडला, त्यावरून पुढे 'इंटरोसेप्शन' हा शब्द रुळला. मूत्राशय ताणला जाणं, जठर रिकामं होणं, छातीची धडधड वाढणं, अंगाचं तापमान चढणं, या सगळ्याच्या खबरा मज्जातंतूंतून मेंदूकडे जात असतात. पण खबर पोचणं आणि तिचा अर्थ लागणं या दोन गोष्टी आहेत. लहान मुलाला नुसतं 'कसंतरी' होतं. ते कसंतरी म्हणजे भूक, की झोप, की भीती, हे त्याला आजूबाजूची माणसं सांगतात. 'डोळे चोळतोयस, झोप आली ना?' हे वाक्य म्हणजे शरीराच्या भाषेचा पहिला धडा.

या बाबतीत मराठी मूल खरं तर श्रीमंत घरात जन्माला येतं. ताप चढायच्या आधी अंगात येते ती कणकण. पोटात कळ येते, दाढ ठणकते, पाठीत चमक भरते, डोळे चुरचुरतात, जखम झोंबते, काटा सलतो. भीतीनं पोटात गोळा येतो, बातमी ऐकून छातीत धस्स होतं, कुणाची आठवण येऊन पोटात कालवतं, घशाला कोरड पडते, पायांतलं बळ जातं. भुकेनं पोटात कावळे ओरडतात. कसं दुखतंय, कुठे दुखतंय, किती दुखतंय, हे सांगायला याहून बारीक शब्द कुठे मिळणार? आणि हे शब्द पंडितांनी बनवलेले नाहीत. स्वतःच्या अंगाकडे लक्ष देणाऱ्या माणसांच्या पिढ्यांनी ते घडवले.

आता हेच शब्द मुलांपर्यंत कसे पोचतात ते बघा. लेकीच्या व्याकरणाच्या वहीत 'वाक्प्रचार' नावाचं पान आहे. डावीकडे 'पोटात कावळे ओरडणे', उजवीकडे 'खूप भूक लागणे'. डावीकडे 'पोटात गोळा येणे', उजवीकडे 'खूप घाबरणे'. अर्थ लिहिला की एक मार्क, वाक्यात उपयोग केला की आणखी एक. अभ्यास म्हणून यात चूक काही नाही. पण हे पान घोकणाऱ्या मुलीला तिच्या पोटात गोळा येतो तेव्हा 'हाच तो' असं कुणी म्हटलेलं नसतं. घरात आपण 'तिला अँक्झायटी होते' म्हणतो आणि वहीत गोळा येतो. शब्द आणि पोट यांची गाठ पडत नाही. उजवीकडचा रकाना तर शब्दांतली सगळी बारकाई पुसून टाकतो. 'खूप घाबरणे' या एका अर्थात गोळा, धस्स, कापरं आणि घशाची कोरड सगळे सारखेच होऊन बसतात.

प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'कडे मी या कारणासाठी पुन्हा गेले. लंपन आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. हा मुलगा आपल्या भावनांना मोठ्यांची नावं देत नाही. त्याला काय होतं ते तो सांगतो. अंगात काय होतं, डोक्यात काय चालतं, एखाद्या वासानं किंवा आवाजानं काय हलतं. बऱ्याच गोष्टी त्याला 'मॅड'सारख्या वाटतात आणि हा एकच शब्द तो किती वेगवेगळ्या जागी वापरतो ते पाहण्यासारखं आहे. त्याच्याकडे शब्द कमी आहेत, लक्ष भरपूर आहे. आपल्या मुलांच्या वहीत शब्द भरपूर आहेत. लंपनच्या गोष्टी मोठ्यांसाठी लिहिलेल्या असल्या, तरी मुलांना काय शिकवायचं याबद्दल वहीतल्या त्या पानापेक्षा त्या जास्त सांगतात.

चिऊचे, काऊचे आणि मोबाइलचे घास

शरीराचं न ऐकण्याचा पहिला वर्ग आपल्याकडे ताटावरच भरतो. चिऊ-काऊच्या नावानं घास भरवण्याची रीत गोड आहे. माझ्या आजीनं मला तसंच भरवलं, मीही लेकीला भरवलं. त्यातली गोष्ट, चंद्र, अंगणातले पक्षी यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण हे तंत्र कशासाठी होतं, तेही मान्य करायला हवं. मुलाचं लक्ष त्याच्या पोटावरून काढून दुसरीकडे लावायचं आणि तेवढ्यात घास सरकवायचा. आज चिऊच्या जागी मोबाइल आला म्हणून आपण हळहळतो, पण मोबाइल चिऊचंच काम जास्त चोख करतो. मूल वर बघत नाही, तोंड उघडतं, वाटी संपते.

अमेरिकेत क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२०च्या दशकात एक प्रयोग सुरू केला. नुकतं अंगावरचं दूध सुटलेल्या एकूण पंधरा बाळांपुढे जेवणाच्या वेळी साध्या, ताज्या पदार्थांच्या वाट्या मांडल्या जात. नर्सनं काही सुचवायचं नाही, आग्रह करायचा नाही. बाळानं हात दाखवला तरच चमचा पुढे करायचा. बाळांच्या आवडी एकमेकांपासून अगदी वेगळ्या होत्या, जेवणं विचित्र होती, पण सगळी नीट वाढली. मला यातला एक तपशील फार आवडतो: पदार्थ बिनमिठाचे असत आणि मीठ वेगळ्या वाटीत ठेवलेलं असे. बाळं ते मीठ तोंडात घालून ठसकायची, तोंड वेडंवाकडं करायची आणि तरी पुन्हा मागायची. अळणी लागतंय हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही, आणि मीठ मागायला त्यांना कुणी अडवलं नाही.

पण डेव्हिसबाईंनी १९३९मध्ये स्वतःच खुलासा केला, की या प्रयोगातली खरी युक्ती पदार्थांच्या यादीत होती. यादी मोठ्यांनी ठरवली होती. साखर, मैदा, डबाबंद पदार्थ तिच्यात नव्हते. काय वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं हे मुलानं, अशी ती वाटणी होती. 'मुलांना हवं ते खाऊ द्या' असा त्याचा अर्थ लावणारे अर्धंच वाचतात.

१९८७मध्ये लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर असाच एक अभ्यास केला. काही मुलांचं लक्ष पोट भरलं की नाही याकडे वेधलं, काहींचं ताटात किती उरलं, ते संपवल्यावर बक्षीस काय मिळणार, याकडे. पुढे असं दिसलं की पहिल्या गटातली मुलं आधी जड खाणं झालं असेल तर नंतर कमी खात. दुसऱ्या गटातल्या मुलांना तो हिशेब राहिला नाही. ताट रिकामं झालं की नाही, हे कळण्यासाठी पोटाची गरज लागत नाही.

शांतीचा खेळ का फसला

शरीराकडे लक्ष देणं शिकवता येतं, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. माँटेसरीच्या शाळेत शांततेचा एक खेळ असे. मुलांनी अगदी स्तब्ध बसायचं, आवाज ऐकायचे, आपलं नाव कुजबुजत्या आवाजात पुकारलं की हलक्या पावलांनी यायचं. माँटेसरीबाईंना ही कल्पना चार महिन्यांच्या एका बाळावरून सुचली. त्याला वर्गात आणून त्याचं शांत असणं त्यांनी मुलांना दाखवलं. महाराष्ट्रात ताराबाई मोडकांच्या कामातून हे बालशिक्षण बोर्डी-कोसबाडपर्यंत पोचलं. त्यांचे सहकारी गिजुभाई बधेका यांनी १९३०च्या दशकात 'दिवास्वप्न' लिहिलं. मूळ गुजराती असलं तरी मराठी शिक्षकांच्या कपाटात ते हमखास असतं.

'दिवास्वप्ना'तला तरुण शिक्षक प्राथमिक शाळेच्या वर्गात पहिल्या दिवशी हाच खेळ घेतो आणि तो साफ फसतो. खिडक्या बंद करून शांततेची वाट बघणाऱ्या मास्तरापुढे मुलं दंगा करतात, आवाज काढतात, टाळ्या पिटतात. मग तो सगळं गुंडाळतो, मुलांना सुट्टी देतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतो. मुलं त्याच्याभोवती गोळा होतात.

शिक्षणशास्त्रातल्या पुस्तकात लेखकानं आपल्या आवडत्या पद्धतीची फजिती पहिल्याच प्रसंगात दाखवावी, हा गिजुभाईंचा मोठेपणा. आज शाळाशाळांतून 'माइंडफुलनेस'चा तास सुरू होतो आहे, तेव्हा हा प्रसंग प्रत्येक स्टाफरूममध्ये वाचला जावा असं वाटतं. ज्या मुलांना वर्षानुवर्षं हाताची घडी, तोंडावर बोट घालून बसवलं, त्यांना एक दिवस डोळे मिटून 'आत काय वाटतंय बघा' म्हटलं तर त्यांना ती हाताच्या घडीचीच पुढची पायरी वाटते. शांततेचा हुकूम आणि शांततेचा खेळ यांतला फरक मुलांना आधी अनुभवावा लागतो. गिजुभाईंचा मास्तर तो गोष्टीतून, खेळातून, मुलांना मोकळं सोडून कमावतो.

असा एक मोठा माणूस तेत्सुको कुरोयानागींच्या 'तोत्तोचान'मध्ये आहे. १९८१ सालचं हे जपानी पुस्तक चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादातून मराठी घरांत मुक्कामाला आलं आहे. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या भेटीत तोत्तोचानचं बोलणं चार तास ऐकतात, हा प्रसंग सगळ्यांना आठवतो. मला या वेळी बाकीचे प्रसंग दिसले. मुलं डबा खातात त्याआधी नीट चावून खाण्याचं एक छोटं गाणं आहे. संगीताच्या तालावर अंग हलवायला शिकवणारा तास आहे. कोबायाशींनी तो युरोपात दालक्रोझ यांच्याकडून घेतला होता. पोलिओ झालेल्या मुलासह सगळी मुलं पोहण्याच्या तलावात कपड्यांविना उतरतात, कारण कुणालाही आपल्या अंगाची लाज वाटू नये अशी मास्तरांची इच्छा आहे. आणि संडासाच्या टाकीत पडलेलं पाकीट शोधायला तोत्तोचान सगळी घाण उपसून बाहेर ढीग लावते, तेव्हा मास्तर रागवत नाहीत. झाल्यावर परत टाकशील ना, एवढंच विचारतात.

'शरीराचं ऐका' असा पाठ या शाळेत कुठेही नाही. चावणं, ताल, पाणी, घाण हे सगळं रोजच्या दिवसात पसरलेलं आहे आणि बघणारा माणूस घाईत नाही. मराठी पालकांनी 'तोत्तोचान'वर प्रेम केलं ते त्यातल्या स्वातंत्र्यासाठी. पण ते स्वातंत्र्य ज्या शरीराला मिळतं त्याबद्दल आपण फार बोललो नाही. कपड्यांविना पोहण्याचं प्रकरण वाचून दाखवताना किती आई-बाबांनी पान उलटलं असेल, कोण जाणे. मीही पहिल्या वेळी उलटलं होतं.

ऐकलं, पण पुढे काय

इथवर लिहिल्यावर एक पुस्तक माझ्या लिखाणाला आडवं आलं. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी', १९८४चं. त्यातली आजी संतामाय गुरांच्या शेणात आलेले ज्वारीचे दाणे वेचते, धुते, दळते आणि त्यांची भाकरी करते. मुलगा ती भाकरी चाखून बघतो. हा प्रसंग वाचल्यावर चिऊ-काऊच्या घासांवरचं माझं म्हणणं चार भिंतींच्या, भरल्या डब्यांच्या घरातलं आहे, हे कबूल करावं लागतं. या मुलाला भूक ओळखायला कुणी शिकवायची गरज नाही. त्याच्या भुकेला सगळे शब्द आहेत. भूक ऐकू आली नाही अशी तक्रार तिथे करता येत नाही. तिला उत्तर द्यायला गावानं काही ठेवलेलं नाही.

म्हणजे 'आपलं शरीर काय सांगतं ते ओळखा' हा धडा अर्धा आहे. उरलेला अर्धा धडा मुलांसाठी नाही. भूक लागली हे ओळखणाऱ्या मुलापुढे शाळेत शिजवलेलं गरम अन्न यावं, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २००१मध्ये दिला. शाळेत मुलींसाठी आणि मुलांसाठी वेगळी स्वच्छतागृहं हवीत, हे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलं आहे. शरीराच्या हाकेला समाजानं द्यायची ही उत्तरं आहेत. ती नसतील तर लक्ष द्यायला शिकलेलं मूल जास्तच हालात पडतं.

लेकीच्या बाबतीत मला हे उशिरा समजलं. मला वाटत होतं की खेळण्याच्या नादात तिला शू लागल्याचं कळत नाही. डॉक्टरांकडून आल्यावर तिच्या दप्तरातली पाण्याची बाटली मी हातात घेतली. ती भरलेली होती. रोजच भरलेली येत असणार. मी विचारलं तेव्हा तिनं साधेपणानं सांगितलं, "पाणी प्यायलं की शू लागते. तिथे घाण असते आणि कडी लागत नाही. तासाला सोडत पण नाहीत." तिला सगळं कळत होतं. शरीराचं ऐकून तिनं त्यावर उपायही शोधला होता, पाणीच बंद केलं होतं. शाळेत आम्ही काही पालक मिळून गेलो. कडी बसली. तासाला सोडण्याबद्दल अजून बोलणी चालू आहेत.

'कसंतरी' वाटणं

हे सगळं इतकं महत्त्वाचं का, ते शेवटी सांगते. मे २०१२मध्ये 'सत्यमेव जयते'च्या दुसऱ्या भागात आमिर खाननं मुलांचा एक छोटा वर्ग घेतला. शरीराचे कुठले भाग धोक्याचे, कुणी हात लावला तर ओरडायचं, पळायचं, विश्वासाच्या माणसाला सांगायचं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॉक्सो कायदा अमलात आला. तेव्हापासून 'गुड टच, बॅड टच' आपल्या शाळांत पोचला, त्याची पुस्तकं आली, तक्ते आले. हे व्हायलाच हवं होतं. यानं मुलं वाचली असतील.

तरी या पुस्तकांकडे टीकाकाराच्या नजरेनं पाहिलं तर एक उणीव दिसते. त्यांतलं शरीर बाहेरून काढलेला नकाशा असतं: इथे लाल, तिथे हिरवं. मग ओळखायचं कसं, याचं उत्तर देताना पुस्तक म्हणतं, तुला कसंतरी वाटेल, नकोसं वाटेल. आता ज्या मुलीला सकाळी 'भूक नाही कशी, संपव' म्हटलं, दुपारी 'आत्ताच कशी लागली, सुट्टीत जा' म्हटलं, संध्याकाळी 'काकांना पापी दे, असं काय करतेस' म्हणून पुढे ढकललं, आणि रात्री 'इतकं काही दुखत नाही' म्हणून गप्प केलं, ती या 'कसंतरी'वर विश्वास का ठेवील? दिवसभर तिचं कसंतरी वाटणं चूक ठरलं आहे. तक्त्यावरचा तास आठवड्यातून एकदा, आणि त्याच्या उलटा पाठ दिवसातून दहादा.

यातून भलता अर्थ कुणी काढू नये. मुलानं ओळखलं नाही, ओरडलं नाही म्हणून काही घडलं, असं कधीच नसतं. भीतीनं अंग गारठून जातं, आवाज फुटत नाही, हेही शरीराचंच वागणं आहे. दोष करणाऱ्याचा. आपण करू शकतो ते एवढंच, की मुलाच्या 'नको'ला घरात रोज थोडी किंमत द्यावी, म्हणजे सांगायची वेळ आली तर कुणी ऐकेल असा त्याला भरवसा वाटेल. पापी द्यायची नसेल तर नमस्कार चालतो. मामा-काकांना दोन दिवस राग येतो, मग जातो.

आपल्या बालसाहित्यानं मुलांना धीट व्हायला, सोसायला, दुसऱ्याचं मन जपायला शिकवलं. ते कमी नाही. आता अशी पुस्तकं हवीत ज्यांत मुलाला शू लागते, ते उठून सांगतं आणि गोष्ट त्याला हसत नाही. कणकण, कळ, गोळा, धस्स हे शब्द ज्यांत वहीतून निघून पुन्हा अंगात येतात. आणि 'श्यामची आई'ही हवी, पण ताटावरच्या मुलांबद्दल प्रश्न विचारत वाचलेली.

आम्ही ते पुस्तक पुरं केलं. शेवटाकडे लेक रडली, मीही रडले. "घशात दुखतंय," ती म्हणाली. मी म्हटलं, "रडू आवरताना दुखतं तसं. आवरू नकोस."